तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : वकिली शिकलेला शेतकरी दिल्लीत जाऊन काय करतो?

गेल्या अंकात डॉ. पंजाबराव देशमुखांवर इथे दहाबारा ओळी लिहिल्या होत्या. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, बॅरिस्टर झाला, घटना समितीत गेला, मग लोकसभेत, बस्स एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की यावेळचं सगळं पान त्यांनाच दिलंय. सोसायटीच्या पार्किंगचे आणि गीझरचे प्रश्न पाठवणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा प्लीज.

ताई, पंजाबराव म्हणजे विदर्भाचे, अकोल्याच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे एवढं माहितीये. पण आपल्या पुण्याशी त्यांचा काही संबंध होता का? — एक वाचक, कोथरूड

होता की. गाव पापळ, अमरावती जिल्हा, जन्म २७ डिसेंबर १८९८. शाळा थोडी गावात, थोडी चांदूर रेल्वे, कारंजा, मग अमरावती, आणि कॉलेजसाठी थेट पुण्यात फर्ग्युसनला. म्हणजे तुम्ही एफसी रोडवर डोसा खायला जाता ना, त्याच्या समोरच्याच कॅम्पसमध्ये वऱ्हाडातला हा पोरगा शिकत होता. इथून पुढे १९२० साली इंग्लंडला. एडिंबरोची एमए, ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी असं सगळं गाठोडं बांधून १९२६ मध्ये परत. डॉक्टरेटचा विषय शेती नाही, कायदा पण नाही, वैदिक वाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास! ब्राह्मणेतर शेतकरी घरातला मुलगा त्या काळात ऑक्सफर्डला जाऊन वेदांवर प्रबंध लिहितो, याचं मला कृषी विद्यापीठापेक्षा जास्त अप्रूप वाटतं. वडिलांनी शेत गहाण ठेवून त्याला परदेशी पाठवलं असं विदर्भात अजून सांगतात.

पुण्यात त्यांचं नाव फार ऐकू येत नाही याचं कारण सरळ आहे, आपल्याला आपलेच पुढारी पुरून उरतात, नागपूरच्या पलीकडचं तर सोडाच, दौंडच्या पलीकडचं काही आपण धरत नाही.

शेतकऱ्याच्या पोरानं वकील कशाला व्हायचं? आमच्या भागात वकील म्हणजे बांधाच्या भांडणात दोन्हीकडून पैसे खाणारा माणूस. शेतीच शिकायची होती ना. — सुपे, ता. बारामती

अहो, सुप्याहून हा प्रश्न यावा म्हणजे कमालच झाली! याचं उत्तर तुमच्याच गावात आहे.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजार. शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मारामारी त्यामानाने कमी झाली, मुख्य काम काय केलं तर सावकारांकडची खतं (शेतात टाकतात ती नव्हे, कर्जाचे लेखी कागद) आणि हिशोबाच्या चोपड्या काढल्या आणि जाळल्या. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं, इतिहासाच्या पुस्तकात दख्खनचे दंगे म्हणून असतं ते हेच. आता विचार करा, चिडलेला माणूस धान्य लुटेल, पैसा लुटेल. यांनी कागद जाळले, कारण जमीन जात होती ती कागदानं.

त्यातली गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की यातला एक कायदा शेतकऱ्याच्या भल्यासाठीच आणला होता. १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाचं खत तीन वर्षंच चालेल, त्याच्यानंतर कोर्टात दावा नाही, म्हणजे जुनी व्याजं माणसाच्या डोक्यावर चढत राहू नयेत. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी बोलवायचा, राहिलेलं व्याज मुद्दलात घालायचा आणि नवीन खतावर अंगठा घ्यायचा, की परत पहिल्यापासून सुरू. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला भाव आला तेव्हा कर्ज धडाधड मिळालं, १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, त्यात सरकारने सारा वाढवला, आणि मग सावकाराने हात आखडता घेऊन जुनी खतं बाहेर काढली. कोर्टात गेलं की न्यायाधीश विचारणार, हा अंगठा तुझा का? हो. संपलं, हुकूमनामा (सावकाराच्या बाजूने कोर्टाचा निकाल) झाला.

दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा हिशोब पहिल्यापासून तपासायची मुभा दिली. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणंही थांबवलं. पण हे सगळं मिळवायला कोर्टात उभं राहून मांडणारा कुणीतरी लागतो ना? तो कोण, तर वकील, आणि तो बहुतेक वेळा सावकाराच्याच ओळखीचा.

पंजाबराव ज्या वऱ्हाडातले, तिथे तर कापूसच कापूस, म्हणजे भाव वर खाली, म्हणजे सावकारी. तिथल्या पोरानं नांगर सुधारायचा का खत वाचायचं, यात मला तरी दुसरं जास्त गरजेचं वाटतं. ते १९३० साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलमध्ये निवडून गेले, मंत्री झाले, आणि १९३३ ला तिथे कर्ज लवादाचा कायदा झाला, त्याचं श्रेय विदर्भात त्यांना देतात. लवाद म्हणजे काय तर एक मंडळ, त्याच्यापुढे कर्जदार आणि सावकार दोघांनी यायचं, हिशोब टेबलावर मांडायचा, मंडळाने तडजोडीने आकडा खाली आणायचा आणि हप्ते बांधून द्यायचे. कर्जमाफी नाही हां ही, तडजोडच. पण शेतकऱ्याला कोर्टाच्या बाहेर एक जागा मिळाली जिथे अंगठा म्हणजे शेवटचा शब्द नव्हता.

आणि दोन्हीकडून पैसे खाणारे वकील तुमच्याकडे आहेत म्हणता, ते असतील, मी काय सुप्याला राहत नाही.

"शेतकऱ्याचा मुलगा" म्हणून मिरवणारे पुढारी ढिगाने बघितले. हे गृहस्थ स्वतः कधी औत धरलेले होते का? स्पष्ट सांगा. — हडपसर

स्पष्ट सांगायचं तर औतामागे आयुष्य गेलं असं नाही. घर शेतीचं, मूळ आडनाव कदम, देशमुखीवरून देशमुख. विलायतेहून आल्यावर ते अमरावतीला वकिली करत होते आणि लवकरच सार्वजनिक कामात पडले. पण मिरवण्याचा मुद्दा म्हणाल तर फरक आहे. मिरवणारा भाषणात बाप आणि बैल आणतो. यांनी आल्याआल्या काय केलं ते बघा, अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, सगळ्या जातींच्या पोरांना एकत्र राहायला. १९२७ ला अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन झालं त्यात हे पुढे. १९२८ ला जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले तर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायला घेतलं, त्यासाठी कर वाढवला. कर वाढवून! निवडून आलेल्या माणसाने, तेही गावाकडच्या मतदारांवर! आज हे करणारा एक नगरसेवक मला दाखवा, मी हडपसरला येऊन हार घालीन.

मग १९३२ ला देवस्थानांच्या संपत्तीचं विधेयक मांडलं, देवळांत पडून असलेला पैसा लोकांच्या कामी यावा म्हणून. त्यावर काय गदारोळ झाला असेल ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आणि त्यांनी काढलेली शिवाजी शिक्षण संस्था, ती तर विदर्भात एवढी पसरली की तिकडच्या कुठल्याही तालुक्यात विचारा, कुणीतरी तिच्या शाळेत शिकलेलं सापडेल. दिल्लीतलं शिवाजी कॉलेज पण त्यांनीच १९६१ मध्ये सुरू केलेलं.

त्यांच्या जयंतीला दरवर्षी "स्वतंत्र भारताचे पहिले कृषिमंत्री" अशा पोस्ट फिरतात. माझ्या माहितीप्रमाणे पहिले डॉ. राजेंद्रप्रसाद. कृपया खुलासा करावा. — सदाशिव पेठ

तुमची माहिती बरोबर आहे. (पत्र सुवाच्य अक्षरात, समासासह आलंय, पेठेचा मान राखलात.) १९४६ च्या हंगामी सरकारपासून अन्न आणि कृषी खातं राजेंद्रप्रसादांकडे, मग जयरामदास दौलतराम, मग क. मा. मुनशी. पंजाबराव मंत्रिमंडळात आले ते १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, आणि १९६२ पर्यंत राहिले. या दहा वर्षांत अन्न-कृषी खात्याचे वरचे कॅबिनेट मंत्री बदलत गेले, आधी रफी अहमद किडवई, मग अजितप्रसाद जैन, मग आपल्या मुंबईचे स. का. पाटील. पंजाबराव त्याच खात्यात शेतीचं काम बघणारे मंत्री.

माझं मत विचाराल तर ही "पहिले" ची पाटी लावून आपण त्यांचं नुकसानच करतो. वरचा साहेब दोन वेळा बदलला आणि शेतीचं काम बघणारा माणूस दहा वर्षं तिथेच बसला, यात जास्त वजन आहे. मंत्री कसा ओळखावा तर खुर्चीच्या नंबरावरून नाही, फाइल किती वर्षं त्याच्या हातात होती त्यावरून. पण पोस्ट बनवणाऱ्याला एक ओळ पाहिजे असते, त्याला काय करणार.

आमचे आजोबा जपानी भातशेती म्हणायचे, ती यांनीच आणली का? — कामशेत, मावळ

देशभर मोहीम म्हणून ती १९५३ ला सुरू झाली आणि तिच्यामागे पंजाबराव होते. प्रयोग त्याच्या आधी झाले होते, आपल्याच मुंबई राज्यात बोरिवलीच्या कोरा केंद्रात.

तुम्ही मावळातले म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, पण शहरी वाचकांसाठी थोडक्यात लिहिते. जुन्या पद्धतीत राब भाजायचा, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण जाळायचं, त्यावर दाट बी फेकायचं, रोपं बारीक आणि दाटीवाटीने यायची आणि लावणीला मूठ मूठ खोचायची. जपानी पद्धतीत गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) बी विरळ पेरायचं, म्हणजे बियाणं कमी लागतं आणि रोप जाडजूड येतं, मग चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) थोडीच रोपं आणि सरळ ओळीत लावायची, ओळी असल्या की मध्ये कोळपं फिरतं, तण निघतं, आणि खत भरपूर, शेणखत आणि वरून अमोनियम सल्फेट. यात हायब्रीड बियाणं नाही, ट्रॅक्टर नाही, हरितक्रांतीच्या दहाबारा वर्षं आधीची गोष्ट आहे ही. मेहनत मात्र जास्त, दोरी धरून लावणी करायला बाया वैतागायच्या असं जुनी माणसं सांगतात. जिथे पाणी आणि खत दोन्ही हाताशी होतं तिथे ती टिकली, बाकी ठिकाणी लोकांनी त्यातलं आपल्याला झेपलं तेवढं घेतलं. शेतकरी असाच असतो, सरकारचं पॅकेज कधी अख्खं उचलत नाही.

याच काळातली त्यांची अजून दोन कामं सांगण्यासारखी, एक म्हणजे १९५५ ला काढलेला भारत कृषक समाज, पक्षाच्या बाहेरची शेतकऱ्यांची देशपातळीवरची संघटना. दुसरं १९५९-६० चं दिल्लीतलं जागतिक कृषी प्रदर्शन. शीतयुद्ध जोरात, आणि एकाच मैदानात अमेरिकेचाही मांडव आणि रशियाचाही! उद्घाटनाच्या वेळी खुद्द आयसेनहॉवर आले होते.

घटना समितीत त्यांनी नेमकं काय केलं? आंबेडकर, नेहरू, पटेल सोडून बाकीच्यांचं कुणी वाचतच नाही. — बाणेर

खरंय. मी सगळं सांगत नाही, एकच प्रसंग सांगते, जो त्यांच्या जयंतीच्या भाषणात कधी येत नाही.

ऑगस्ट १९४९, नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा. मसुद्यात होतं की जो भारतात जन्मला आणि इथे राहतो तो नागरिक. पंजाबराव उठले आणि म्हणाले की हे तर जगातलं सगळ्यात स्वस्त नागरिकत्व झालं. उदाहरण पक्कं वकिली दिलं: समजा एक परदेशी जोडपं विमानाने चाललंय, मुंबईला थोडा वेळ थांबलं, बाई तिथेच बाळंत झाली, तर ते पोर भारताचं नागरिक का? सभागृहात बसलेल्या कायदेपंडितांना हे झोंबलं असणार, कारण वाक्य कुठे गळतं ते त्यांनी बरोबर बोटावर धरलं होतं.

पण पुढे त्यांनी स्वतःची जी दुरुस्ती मांडली तिच्यात असं होतं की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कुठलाही हिंदू किंवा शीख, तो कुठेही राहत असला तरी, भारताचं नागरिकत्व मागू शकेल. म्हणजे धर्मावर. नेहरूंनी विरोध केला, दुरुस्ती पडली. मला वाटतं बरं झालं पडली. फाळणीचे घाव ओले होते हे समजून घेता येतं, पण ज्या माणसाने मंदिर आणि विहिरी खुल्या करायला आपली पत पणाला लावली त्याच माणसाने ही दुरुस्ती मांडली, हे दोन्ही एकत्र वाचायला पाहिजे, नाहीतर आपण माणसाचा पुतळा करून ठेवतो. आणि विमानातल्या बाळाच्या शंकेचं म्हणाल तर नंतर संसदेने जन्मावरून मिळणारं नागरिकत्व आवळतच नेलं, १९८७ पासून आईवडिलांपैकी एक भारतीय पाहिजे अशी अट आली, २००४ पासून अजून कडक.

मागास वर्गांना सरकारी नोकरीत जागा मिळाव्यात यासाठी ते तिथेही बोलत होते आणि बाहेरही संघटना बांधत होते. त्यावरून आज सगळ्या बाजूचे लोक त्यांना आपापल्याकडे ओढतात, त्या भांडणात मी या पानावर शिरणार नाही, जागा पुरणार नाही आणि संपादक मला पुढच्या महिन्यात गीझरच देतील.

विमलाबाईंबद्दल एक ओळ तरी लिहा. — एक वाचक, औंध

दोन लिहिते. विमलाबाई म्हणजे पंजाबरावांच्या पत्नी. मुंबईच्या वैद्य घराण्यातल्या, लग्न नोव्हेंबर १९२७ मध्ये, आंतरजातीय, म्हणजे मंदिरप्रवेशाचं आंदोलन चालू असतानाच. पंजाबराव १० एप्रिल १९६५ ला गेले आणि १९६७ ला विमलाबाई राज्यसभेवर गेल्या.

चौधरी चरणसिंग पण शेतकरी घरातले वकीलच ना? त्यांना भारतरत्न मिळालं, पंजाबरावांना का नाही? — पिंपरी

हो, गाझियाबादला वकिली करायचे. उत्तर प्रदेशात जमीनदारी मोडणारा कायदा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि १९५९ ला नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात नेहरूंसमोर सामुदायिक शेतीला विरोध करणारे तेच. भारतरत्न २०२४ ला. पंजाबरावांसाठीची मागणी जुनीच आहे, विदर्भातून सारखी होते. का नाही मिळालं? माझा अंदाज असा की चरणसिंगांमागे उत्तर प्रदेशातली मतं होती आणि एक पंतप्रधानपद होतं, पंजाबरावांमागे शाळा आणि वसतिगृहं आहेत.

ताई, मी लॉ च्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरची शेती शिरूरला, पाच एकर. मला दोन्ही करायचंय आणि पुढेमागे राजकारणात जायचंय. घरचे हसतात. वकिलाला शेती चालते का? आणि खासदार झालं तर वकिली सोडावी लागते का? — लॉ कॉलेज रोड

घरचे हसूदेत, तू प्रश्न बरोबर विचारलायस. बार कौन्सिलचा नियम वकिलाला स्वतः धंदा चालवायला मनाई करतो, पगारी फुलटाइम नोकरीला मनाई करतो. घरची शेती कसणं त्यात धरत नाहीत, शिवाजीनगर कोर्टातल्या निम्म्या वकिलांचा सोमवारचा विषय ऊस किंवा कांदाच असतो. पण शेतमालाची ट्रेडिंग फर्म काढून स्वतः चालवायची असेल तर मात्र आधी नियम नीट वाच.

खासदार किंवा आमदार झाल्यावर वकिली करता येते. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये ते स्पष्ट केलंय, बंदी घाला म्हणून केलेली याचिका फेटाळली. लोकसभेला वय २५ पूर्ण, देशात कुठेही मतदार यादीत नाव, सर्वसाधारण उमेदवाराला २५ हजार डिपॉझिट, अनुसूचित जाती-जमातीला निम्मं. कायद्याने एवढंच. बाकी खर्चाचं तुला तुझा तालुकाच सांगेल.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. शेती हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे, राज्यसूचीत. बाजार समित्या, जमीन, पाणी, बहुतेक सगळं मुंबईत ठरतं, दिल्लीत नाही. केंद्राने २०२० ला तीन कायदे आणले ते अन्नधान्याच्या व्यापाराच्या समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीतल्या) नोंदीचा आधार घेऊन, पुढे काय झालं ते तू बघितलंयस, २०२१ ला मागे घ्यावे लागले. खाजगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराचं) मांडून कायदा करीन म्हणशील तर स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झालीत आणि शेवटचं १९७० ला. मग शेती कळणाऱ्या खासदाराने तिथे काय करायचं, तर आयात-निर्यातीचं धोरण, पीकविमा, खताचं अनुदान, हमीभाव, हे सगळं केंद्राकडे आहे, आणि ते विधेयकातून कमी, नियम आणि अधिसूचनेतून जास्त बदलतं. कांद्यावर निर्यातबंदी येते ती एका अधिसूचनेने, शिरूरला तुमच्या कांदाचाळीत कांदा पडलेला असताना. ती वाचून, संसदेच्या स्थायी समितीत अधिकाऱ्याला तिच्यावर अडवू शकणारा माणूस पाहिजे, आणि त्याला वकिली आणि शेती दोन्ही यावं लागतं.

घटना समितीच्या चर्चा संसदेच्या वेबसाइटवर फुकट आहेत. ऑगस्ट १९४९ पासून सुरू कर, पंजाबरावांचं इंग्रजी सोपं आहे. आणि सुट्टीत शिरूरला जाशील तेव्हा तुमच्या पाच एकराचा सातबारा आणि फेरफार काढून स्वतः वाच, कुणाला विचारू नको, जिथे अडशील ते मला लिही.